गावातील कामाचे मूल्यमापन कसे करावे

नाला खोलीकरण असो, अंगणवाडीतील पोषणाचा कार्यक्रम असो, बचत गटाचे शेळीपालन प्रशिक्षण असो किंवा शाळेतील वाचनाचा उपक्रम असो, काम संपले की "कसे झाले?" असे विचारले जाते आणि बहुतेक वेळा "चांगले झाले" एवढेच उत्तर मिळते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशा कामांची पाहणी करत असताना माझ्या लक्षात आले की हे उत्तर देणारा माणूस खोटे बोलत नसतो. काम सुरू होण्यापूर्वी 'चांगले' कशाला म्हणायचे हे कोणीच ठरवलेले नसते, त्यामुळे त्याला यापेक्षा वेगळे काही सांगताच येत नाही. ग्रामपंचायतीचे सदस्य, शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या अध्यक्षा आणि स्वयंसेवी संस्थांतील तरुण कार्यकर्ते यांना आपल्या कामाचे मूल्यमापन स्वतः करता यावे, या हेतूने मी हे लिहीत आहे.

तपासणी, देखरेख आणि मूल्यमापन हे शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांतला फरक कामाचा आहे. बंधाऱ्याची लांबी-रुंदी अंदाजपत्रकाप्रमाणे आहे का आणि मोजमाप पुस्तिकेत त्याची नोंद झाली आहे का, हे पाहणे ही तपासणी होय. काम चालू असताना ते ठरल्याप्रमाणे पुढे सरकते आहे की नाही, यावर लक्ष ठेवणे ही देखरेख होय. त्या बंधाऱ्यामुळे कोणाच्या विहिरीचे पाणी वाढले, किती वाढले, कोणाचे वाढले नाही आणि तेवढ्याच पैशात याहून उपयोगाचे काही करता आले असते का, याचा निवाडा म्हणजे मूल्यमापन. जागाच चुकीची निवडली असेल, तर एखादा बंधारा तपासणीत पूर्णपणे उत्तीर्ण होऊनही मूल्यमापनात नापास होऊ शकतो. भारतात सामुदायिक विकास कार्यक्रमाच्या मूल्यमापनासाठी १९५२ मध्ये नियोजन आयोगाच्या अंतर्गत कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली आणि २०१५ पासून हे काम नीती आयोगातील विकास देखरेख व मूल्यमापन कार्यालय पाहते. अशा यंत्रणांच्या अहवालांचा आवाका राज्याचा किंवा देशाचा असतो. आपल्या शिवारातील उरलेल्या दोन नाल्यांचे काय करावे हे त्यांतून कळत नाही. ते गावालाच शोधावे लागते, आणि थोडी शिस्त पाळली तर गावाला ते जमते.

निर्णय कोणता, हे आधी लिहावे

या मूल्यमापनावरून कोण कोणता निर्णय घेणार आहे, हे सर्वांत आधी एका वाक्यात लिहून काढावे. "पुढील वर्षी उरलेल्या दोन नाल्यांवर हेच काम करावे की नाही, हे ग्रामसभा येत्या जानेवारीत ठरवणार आहे", इतके ते वाक्य स्पष्ट असावे. कोणताच निर्णय घ्यायचा नसेल, तर लोकांचा वेळ घेऊन माहिती गोळा करू नये, असे माझे ठाम मत आहे. रोजंदारी बुडवून प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या माणसाला त्या उत्तरांचे काय झाले हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी तो खरे सांगण्याचे कष्ट घेत नाही.

निर्णय दोन प्रकारचे असतात आणि त्यांनुसार मूल्यमापनही दोन प्रकारचे होते. काम सुधारण्यासाठी मधूनमधून केलेले मूल्यमापन आणि शेवटी एकूण निवाडा करण्यासाठी केलेले मूल्यमापन, असा हा भेद मायकेल स्क्रिव्हन या अभ्यासकाने १९६७ मध्ये मांडला. महाराष्ट्रातील प्रत्येक प्राथमिक शिक्षकाला तो 'आकारिक' आणि 'संकलित' या नावांनी परिचित आहे. शेतकऱ्याला तर तो शब्दांशिवायच कळतो. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून त्यांत अडकलेले पतंग रोज मोजले आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा त्याहून अधिक पतंग आढळले, तर उपाय करण्याची वेळ आली असे समजतात. ही मोजणी आकारिक आहे, कारण तिच्यावरून पीक अजून वाचवता येते. दिवाळीनंतर एकरी किती क्विंटल कापूस निघाला, हा हिशेब संकलित आहे. त्यावरून पुढील हंगामाचे वाण ठरेल, पण या हंगामातील बोंडे परत येणार नाहीत. अनेक संस्था वर्षभर सापळ्यांकडे पाहत नाहीत आणि मार्चअखेरीस क्विंटल मोजायला बसतात. काम चालू असताना केलेली साधी, कच्ची पाहणी ही काम संपल्यावरच्या देखण्या अहवालापेक्षा मला नेहमीच अधिक मोलाची वाटत आली आहे.

निकष

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये मूल्यमापनाचे पाच निकष मांडले आणि २०१९ मध्ये त्यांत एकाची भर घातली. ते असे आहेत : काम लोकांच्या गरजेशी जुळणारे होते का, इतर चालू कामांशी त्याचा मेळ होता का, ठरवलेले उद्दिष्ट साधले का, साधनसामग्री आणि वेळ यांचा योग्य वापर झाला का, दूरवर आणि नकळत काय बदल झाले, आणि मदत थांबल्यावर लाभ टिकतो का. जगभर हे निकष वापरले जातात. परंतु गावपातळीवर सहाही निकषांचा हट्ट धरला, तर प्रत्येकाला एकेक परिच्छेद मिळतो आणि कशाचाच तळ लागत नाही. आपल्या निर्णयाला लागणारे दोन किंवा तीन निकष निवडावेत आणि ते माहिती हाती येण्यापूर्वी इतिवृत्तात लिहून ठेवावेत. माहिती पाहिल्यावर निकष ठरवले, तर जे घडले तेच उद्दिष्ट होते असे वाटू लागते, आणि प्रामाणिक माणसेही या चुकीत सापडतात.

या सहांपैकी टिकाऊपणाचा निकष सर्वाधिक दुर्लक्षित आहे, आणि खानदेशात तो दुर्लक्षित राहावा याचे मला वाईट वाटते. पांझरा नदीवर बंधारे घालून, पाट काढून आणि लाभक्षेत्राचे फड, म्हणजे भाग, पाडून सिंचन करण्याची पद्धत येथे काही शतके चालली. ती केवळ दगडी बांधकामाच्या बळावर टिकली नाही. कोणत्या फडात या वर्षी कोणते पीक घ्यायचे, पाणी कोणत्या क्रमाने द्यायचे, पाटाची सफाई कोणी करायची आणि पाटकऱ्याचा व जागल्याचा मोबदला कोणी द्यायचा, याचे नियम लाभधारकांनी स्वतः पाळल्यामुळे ती टिकली. म्हणून आजच्या बंधाऱ्याचे मूल्यमापन करताना "गाळ कोण काढणार आणि त्याचे पैसे कोठून येणार?" हा प्रश्न पहिल्याच वर्षी विचारावा. त्याला नाव आणि रक्कम यांसह उत्तर मिळत नसेल, तर टिकाऊपणाच्या रकान्यात 'समाधानकारक' असे लिहू नये.

प्रशिक्षणांबाबत निकष ठरवताना डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या उपयोगी पडतात. शिकणाऱ्याला प्रशिक्षण आवडले का, तो काय शिकला, घरी गेल्यावर त्याच्या वागण्यात काय बदलले, आणि त्या बदलाने काय साधले, अशा त्या पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरच थांबण्याची चूक मी स्वतः केली आहे. धुळे जिल्ह्यातील एका बचत गटासाठी झालेल्या शेळीपालन प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी मी अभिप्राय पत्रके भरून घेतली, सर्वांनी 'उत्तम' या रकान्यावर खूण केली, आणि त्याच आधारावर मी कार्यक्रम यशस्वी झाल्याचा अहवाल दिला. पावसाळ्यानंतर त्याच घरांत गेलो, तेव्हा अनेक गोठे रिकामे होते. आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यायच्या असतात, हे सर्व महिलांना तोंडपाठ होते. म्हणजे दुसरी पायरी भक्कम होती. परंतु ज्या दवाखान्यात त्या गेल्या, तेथे त्या महिन्यात लस उपलब्ध नव्हती आणि परत कधी यायचे हे कोणी सांगितले नव्हते. माझ्या पत्रकात हे कळण्याची सोयच नव्हती, कारण ते पत्रक मी शिकवण्याबद्दल तयार केले होते आणि खरी अडचण शिकवण्याच्या बाहेर होती. तेव्हापासून प्रशिक्षण संपल्यावर पाच-सहा महिन्यांनी प्रत्यक्ष घरी जाण्याची तारीख मी प्रशिक्षणाच्या वेळापत्रकातच लिहितो.

तुलना कशाशी करावी

आता या विषयातील सर्वांत अवघड भागाकडे वळतो. कामानंतर परिस्थिती सुधारली, एवढ्यावरून ती कामामुळे सुधारली असे सिद्ध होत नाही. काम झाले नसते तर काय झाले असते, हे प्रत्यक्ष पाहता येत नाही. म्हणून त्याच्या जागी ठेवता येईल अशी एखादी तुलना शोधावी लागते, आणि ती तुलना किती प्रामाणिक आहे यावर सगळ्या मूल्यमापनाचे वजन ठरते.

शेतीत ही गोष्ट लवकर समजली. रोथॅमस्टेड येथील संशोधन केंद्रात काम करताना रोनाल्ड फिशर यांनी वाणांची आणि खतांची तुलना करण्याची रीत घालून दिली : एकाच जमिनीचे लहान तुकडे करायचे, कोणत्या तुकड्यात काय टाकायचे हे चिठ्ठ्यांनी ठरवावे तसे दैवावर सोपवायचे, आणि प्रत्येक गोष्ट अनेक तुकड्यांवर पुन्हा करायची. आपल्याकडील प्रात्यक्षिकाचा प्लॉट मात्र बहुधा रस्त्यालगतच्या, काळ्या कसदार, ठिबक असलेल्या आणि गावातील सर्वांत मेहनती शेतकऱ्याच्या शेतात असतो. तेथील उत्पादन पाहून शेजारच्या हलक्या, कोरडवाहू जमिनीसाठी बियाणे घेणारा शेतकरी फसतो, कारण त्याने पाहिलेला फरक वाणाचा किती आणि जमिनीचा, पाण्याचा, मेहनतीचा किती, हे कोणीच वेगळे केलेले नसते.

जलसंधारणात हा प्रश्न आणखी टोकदार होतो. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद व खोल करून त्यांवर साखळी बंधारे बांधण्याचे जे काम झाले, ते 'शिरपूर पॅटर्न' या नावाने राज्यभर ओळखले गेले आणि अनेक गावांनी त्याचे अनुकरण केले. त्यावर भूजलाच्या अभ्यासकांत मतभेदही झाले. नाला किती खोल करावा आणि एका भूस्तरातील अनुभव दुसऱ्या भूस्तराला लागू होतो का, हे त्या मतभेदांतील महत्त्वाचे मुद्दे होते. आपल्या गावात असे काम झाले असेल, तर त्या वादात कोणाची बाजू घेण्यापेक्षा आपल्या विहिरी मोजणे अधिक उपयोगाचे आहे.

त्यासाठी आपल्या गावासारखेच, परंतु जेथे हे काम झालेले नाही, असे जवळचे गाव निवडावे. 'आपल्यासारखे' याचा अर्थ येथे काटेकोरपणे घ्यायला हवा : पाऊस सारखा, पिके सारखी, आणि मुख्य म्हणजे जमिनीखालचा खडक सारखा. रावेर-यावलच्या तापीकाठच्या खोल गाळाच्या पट्ट्यातील विहीर आणि साक्रीच्या बेसॉल्ट खडकातील विहीर यांची तुलना करता येत नाही. धुळे-नंदुरबार भागात तर भूस्तरात उभ्या भिंतींसारखे कठीण खडक, ज्यांना भूशास्त्रात डाइक म्हणतात, इतके आहेत की एकाच शिवारातील दोन विहिरींची वागणूक त्यांच्यामुळे वेगळी असू शकते. म्हणून प्रत्येक गावात एक-दोन विहिरींवर भागवू नये. नाल्याजवळच्या, मधल्या आणि दूरच्या अशा किमान आठ-दहा विहिरी घ्याव्यात आणि त्या मोजणीपूर्वीच नक्की कराव्यात, म्हणजे नंतर सोयीच्या विहिरी निवडण्याचा मोह राहत नाही.

हिशेब कसा करावा, हे दाखवण्यासाठी काही आकडे समजून घेऊ. समजा, काम झालेल्या गावात कामापूर्वीच्या ऑक्टोबरमध्ये पाणी जमिनीपासून सरासरी ९ मीटर खोल होते आणि कामानंतरच्या ऑक्टोबरमध्ये ५ मीटरवर आले. म्हणजे पातळी ४ मीटरने वर आली. फलकावर हाच आकडा लिहिला जातो. आता काम न झालेल्या गावात त्याच दोन वर्षांत पाणी १० मीटरवरून साडेसात मीटरवर आले असेल, तर तेथेही पातळी अडीच मीटरने वाढली, आणि ती तर केवळ चांगल्या पावसाने वाढली. मग कामाच्या पदरात ४ वजा अडीच, म्हणजे दीड मीटरच टाकता येतो. दीड मीटर ही लहान गोष्ट नाही. एप्रिलमध्ये केळीची बाग तगवण्यासाठी तेवढे पाणी पुरेसे ठरू शकते. पण खर्चाशी तुलना करताना दीडाचा हिशेब मांडायला हवा, चाराचा नव्हे. आणि एकच वर्ष धरले तर हा दीडही डळमळीत असतो. म्हणून निदान एक कमी पावसाचे वर्ष पाहून झाल्याशिवाय अंतिम मत देऊ नये.

आधीची मापे कोणी घेऊन ठेवली नसतील, तर निराश होण्याचे कारण नाही. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा नोंदवते. आपल्या पाणलोटातील निरीक्षण विहीर कोणती हे जिल्हा कार्यालयात विचारावे आणि तिच्या मागील नोंदी मागाव्यात. आपली मापेही त्याच महिन्यांत घेतली, म्हणजे दोन्ही एकमेकांशेजारी ठेवता येतात.

माप घेताना

विहिरीतील पाण्याची पातळी मोजण्यास एक बारीक, न ताणली जाणारी दोरी, तिच्या टोकाला बांधलेले वजन आणि मीटरची फीत एवढे साहित्य पुरते. दोरी कठड्यावरून सोडली असेल, तर कठड्याची उंची मोजून ती वजा करावी, कारण एका विहिरीचा कठडा दोन फूट असतो आणि दुसरीला कठडाच नसतो. त्याहून मोठी चूक मोटरीमुळे होते. शेतीपंपांना वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटेपर्यंत मोटर चाललेली असते, सकाळी विहीर उपसलेली दिसते, आणि दिवसपाळीच्या आठवड्यात तीच विहीर त्याच सकाळच्या वेळी भरलेली दिसते. एका गावाचे माप एका पाळीत आणि दुसऱ्या गावाचे दुसऱ्या पाळीत घेतले, तर दोन गावांतील फरक म्हणून आपण विजेचे वेळापत्रकच मोजून येतो. म्हणून किमान बारा तास मोटर बंद असल्याची खात्री करून मगच दोरी सोडावी, आणि वहीत पातळीच्या शेजारी "मोटर कधी बंद केली" असा रकाना ठेवावा.

माणसांची मापे घेताना हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते. सहा महिने ते पाच वर्षांखालील बालकांचा दंडघेर पट्टीने मोजतात. साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर बालक तीव्र कुपोषित, साडेअकरा ते साडेबारा यांमध्ये भरला तर मध्यम कुपोषित समजले जाते. अक्राणी तालुक्यातील एका पाड्यावर दोन सेविकांना एकाच बालकाचे माप वेगवेगळे घेताना मी पाहिले. एकीने डावा हात कोपरात दुमडून खांदा आणि कोपर यांच्यामधला बिंदू शोधला, तेथे खूण केली, मग हात सैल सोडायला लावून पट्टी त्वचेला फक्त टेकेल इतकीच ओढली. दुसरीने बाळ रडत असताना, आईने घट्ट धरलेल्या हातावर अंदाजाने पट्टी गुंडाळली. दोघींच्या मापांत काही मिलिमीटरचाच फरक पडला, पण बालक सीमारेषेवर होते, आणि एकीच्या मापाने ते तीव्र गटात गेले तर दुसरीच्या मापाने मध्यम गटात. दुसऱ्या सेविकेचा मी त्यात दोष मानत नाही. तिला तो मधला बिंदू शोधायला कोणी शिकवलेच नव्हते. मोजणी सुरू करण्यापूर्वी सर्व मोजणाऱ्यांनी त्याच दहा बालकांची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत आणि ती जुळेपर्यंत सराव करावा. यात अर्धा दिवस जातो आणि तो सत्कारणी लागतो.

यापुढची गोष्ट त्याहून गंभीर आहे : जी बालके मोजलीच गेली नाहीत, त्यांचे काय? धडगाव आणि अक्कलकुवा भागातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी किंवा बांधकामाच्या मजुरीसाठी गुजरातकडे जातात, काही होळीला परत येतात आणि बाकीची उन्हाळ्यात. समजा, अंगणवाडीच्या पटावर ६० बालके आहेत आणि जानेवारीत त्यांपैकी ४१ हजर सापडली. ऑगस्टमध्ये साठांपैकी १२ कुपोषित होती आणि जानेवारीत एक्केचाळीसांपैकी ५ आहेत, म्हणजे प्रमाण वीस टक्क्यांवरून सुमारे बारावर आले, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु जी १९ गेली, ती सर्वांत गरीब घरांतील आहेत आणि उघड्यावरच्या कोप्यांत राहत आहेत. बाराही कुपोषित बालकांची नावे समोर ठेवून पाहिले आणि त्यांतली सात स्थलांतरात गेलेली निघाली, तर गावात उरलेल्यांची स्थिती मुळीच बदललेली नाही. म्हणून तुलना नेहमी नावानिशी करावी, म्हणजे दोन्ही वेळी मोजलेल्या त्याच बालकांची. आणि न सापडलेल्यांची संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर, निष्कर्षाच्या लगत लिहावी. 'प्रथम' संस्थेने २००५ पासून सुरू केलेल्या 'असर' या सर्वेक्षणात मुलांचे वाचन शाळेऐवजी घरी जाऊन तपासतात, त्यामागे हेच कारण आहे : शाळेत तपासले, तर जे त्या दिवशी आले नाहीत किंवा येतच नाहीत ते हिशेबातून गळतात.

विचारपूस

सरपंच शेजारी बसलेले असताना "पाणी वाढले का?" असे विचारले, तर "बठ्ठं चांगलं शे" (सगळे चांगले आहे) याशिवाय दुसरे उत्तर येणार नाही, आणि त्याबद्दल उत्तर देणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. प्रश्न मताचा न ठेवता आठवणीतील घटनेचा ठेवावा. "मागल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमारास मोटर सलग किती तास चालत होती, आणि या वर्षी किती चालते?" या प्रश्नाला शेतकरी नेमके उत्तर देतो, कारण विहिरीचे पाणी तो मोटरीच्या तासांतच मोजत आला आहे. आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींना पाणी भरायला किती लांब जावे लागले, हे त्यांच्या आयांना वर्षानुवर्षे लक्षात राहते. विचारपूस अहिराणीत, पावरीत किंवा भिलोरीत, ज्या घरी जी बोली असेल तिच्यात करावी. शेवटच्या टोकाच्या शेतापासून आणि भूमिहीनांच्या वस्तीपासून सुरुवात करावी. मध्यवर्ती चौकातील माणसे आपण न जाताही भेटतातच.

गुण द्यायचे असतील, तर प्रत्येक गुणाचा अर्थ आधी शब्दांत लिहावा आणि दोघांनी एकमेकांचे आकडे न पाहता गुण द्यावेत. आणखी एक काळजी घ्यावी. काही निकष गुणांचे असतात आणि काही अटीचे. शाळेच्या रंगवलेल्या भिंतींना दहापैकी दहा गुण मिळाले, म्हणून मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसल्याची उणीव भरून निघत नाही. पण सगळ्या गुणांची बेरीज केली की ती उणीव बेरजेत बुडते. जे नसले तर काम नापासच समजायचे, त्याला गुणांच्या तक्त्यात ठेवू नये, वेगळे 'आहे' किंवा 'नाही' असे नोंदवावे. ज्या आकड्यावर कोणाचे बक्षीस किंवा बदली अवलंबून आहे, तो आकडा हळूहळू वास्तवापासून सुटतो, हा इशाराही लक्षात ठेवावा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी तो १९७० च्या दशकात दिला होता. अंगणवाडीतील वजने शिक्षेच्या धाकाखाली घेतली, तर वजनकाटाही धाकाखालीच वागू लागतो.

अहवाल आणि ग्रामसभा

मूल्यमापन करणारा माणूस कामाशी संबंधित असावा की बाहेरचा, याबद्दल बरीच चर्चा होते. माझ्या अनुभवाने, मापे गावातील तरुणांनी घ्यावीत, कारण त्यांना विहिरी आणि घरे ठाऊक असतात, आणि निवाड्याच्या वेळी शेजारच्या गावातील एक-दोन जाणती माणसे बोलवावीत. ज्याने कामाचे बिल घेतले, त्याने मापही घ्यावे, हे मात्र कधीही होऊ देऊ नये. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने सतराव्या कलमात सामाजिक अंकेक्षणाचे काम ग्रामसभेकडे दिले. म्हणजे झालेल्या कामाचा हिशेब जाहीरपणे मागणे हा गावाचा कायदेशीर अधिकार आहे, कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे.

अहवाल दोन पानांचा पुरे. काय आढळले आणि त्यावरून काय सुचवावेसे वाटते, हे दोन स्वतंत्र भागांत लिहावे, म्हणजे सूचना न पटणाऱ्यालाही आढळलेली गोष्ट मान्य करता येते. कोणत्या विहिरी मोजता आल्या नाहीत आणि कोणती घरे बंद होती, याची यादी जोडावी. ज्यांच्या विहिरी मोजल्या, त्यांना त्यांची मापे आधी दाखवावीत. एखादा शेतकरी "त्या आठवड्यात शेजारच्याची मोटर चालू होती" असे सांगतो आणि एक चूक ग्रामसभेपूर्वीच दुरुस्त होते.

ऑक्टोबरचे माप घेतले, तर ते २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवण्यास पुरेसा वेळ मिळतो. वाचन गावाच्या बोलीत करावे, दोन्ही गावांचे आकडे फळ्यावर शेजारी-शेजारी लिहावेत आणि वजाबाकी सर्वांसमोर करावी. सुरुवातीला लिहिलेले निर्णयाचे वाक्य त्यानंतर वाचून त्यावर मत घ्यावे. ठराव झाला की त्यातच मे महिन्यातील मापाची तारीख, मोजायच्या विहिरींचे गट क्रमांक, आणि दोरी व वही कोणाच्या घरी राहील त्याचे नाव लिहून घ्यावे.